पाडव्याचे लाख, भाऊबीजेचे लाख: दिवाळीचा पैसा आयकराच्या नजरेतून

२०२५ च्या दिवाळीत पाडवा २२ ऑक्टोबरला होता आणि भाऊबीज २३ ला. समजा, एका बाईला पाडव्याला नवऱ्याने ओवाळणीत एक लाख रुपये दिले आणि दुसऱ्या दिवशी भावानेही तेवढेच दिले. दोन्ही रकमा तिच्याच खात्यात जमा झाल्या आणि दोन्हींवर कर शून्य. तिने दोन वेगळ्या मुदत ठेवी केल्या, सात टक्क्यांनी. वर्षभराने दोन्हींवर सात-सात हजार व्याज आले. भाऊबीजेच्या ठेवीचे व्याज तिचे उत्पन्न ठरते. पाडव्याच्या ठेवीचे व्याज मात्र कायदा नवऱ्याच्या उत्पन्नात मोजतो आणि तो ज्या दराने कर भरतो, त्याच दराने त्यावर कर लावतो.

हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला अजब वाटते. त्यातून त्या दिवाळीत दोन वाक्ये सगळ्यांच्या तोंडी होती: ‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ आणि ‘जीएसटी कमी झाला’. दोन्ही खरी आहेत, पण दोन्ही अर्धी आहेत, आणि दिवाळीच्या महिन्यात नेमका उरलेला अर्धा भाग आडवा येतो. सणासाठी वेगळा कर असा कुठेच नाही. पैसा कुणी दिला, कशापोटी दिला आणि कोणत्या मार्गाने दिला, एवढेच आयकर पाहतो. हे तीन प्रश्न हाताशी ठेवून घरात येणाऱ्या आणि घरातून जाणाऱ्या पैशामागे चालत जाऊ. खालचे सगळे दर आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. कलमांचे आकडे मुद्दाम देत नाही, कारण १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात सगळ्या कलमांचे क्रमांक बदलले आहेत.

## बोनस दिवाळीलाच का, आणि त्यातून एवढा कर का कापतात?

२०२५ च्या दिवाळीला बोनसचा कायदा १९६५ चा होता (नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा वेतन संहितेने घेतली). महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्या कामगाराला तो किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के बोनसचा हक्क देत असे. हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत हा बोनस द्यावा लागतो. वर्ष मार्चला संपत असेल तर ही मुदत ३० नोव्हेंबरला येते. दिवाळी नेमकी त्याआधी येते, त्यामुळे रिवाज आणि कायदा यांची गाठ आपोआप पडते.

आयकराच्या लेखी बोनस म्हणजे पगारच. त्याला वेगळा दर नाही आणि वेगळी सूटही नाही. तरी ऑक्टोबरची पगाराची स्लिप पाहून माणूस हबकतो, त्याचे कारण समजायला उतरंड डोळ्यांसमोर आणा. नव्या करपद्धतीत उत्पन्न चार-चार लाखांच्या मडक्यांत भरत जाते. तळाच्या मडक्यातल्या चार लाखांवर कर नाही. त्यावरच्या मडक्यात, म्हणजे चार ते आठ लाखांत, ५ टक्के. मग १० टक्के, १५, २०, २५ आणि चोवीस लाखांच्या वर ३० टक्के. वर्षभराच्या पगाराने खालची मडकी आधीच भरलेली असतात, म्हणून बोनस सगळ्यात वरच्या, सगळ्यात महाग मडक्यात पडतो.

वर्षाला पंधरा लाख पगार असलेल्याला ६०,००० बोनस मिळाला, तर त्यावर १५ टक्क्यांनी ९,००० आणि वर ४ टक्के उपकराचे ३६० असा ९,३६० रुपये कर बसतो. बऱ्याच कंपन्या ही सगळी रक्कम त्याच महिन्यात कापून घेतात. उगमस्थानी होणारी ही कपात म्हणजे टीडीएस. ती कराची आगाऊ वसुली असते. वर्षाचा खरा कर त्याहून कमी निघाला, तर विवरणपत्र भरल्यावर फरक परत मिळतो.

## ‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ हे खरे ना?

खरे आहे. उतरंडीच्या हिशेबाने कर निघतो, पण करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर कायदा तो सगळा माफ करतो. पगारदाराला ७५,००० रुपयांची सरसकट वजावट मिळते, म्हणून त्याच्यासाठी ही मर्यादा १२,७५,००० पर्यंत जाते. ज्यांचा पगार बोनस धरूनही याच्या आत आहे, त्यांच्या बोनसवर एक रुपयाही कर नाही. दहा लाखांच्या आतल्या माणसाने बोनसच्या कराची चिंता करूच नये.

अडचण होते ती उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांची. पगार १२,५०,०००, बोनस ५०,०००. बोनस नसता तर कर शून्य होता. बोनस धरून एकूण १३ लाख, वजावट जाऊन करपात्र १२,२५,०००. उतरंडीच्या हिशेबाने कर होतो ६३,७५०. पंचवीस हजार जास्त कमावले म्हणून त्रेसष्ट हजार कर लावणे हा अन्याय होईल, म्हणून कायदा ‘सीमांत सवलत’ देतो: बारा लाखांच्या वर जेवढे उत्पन्न, त्याहून जास्त कर नाही. म्हणजे कर २५,०००. त्यावर ४ टक्के उपकर १,०००. एकूण २६,०००.

याचा अर्थ असा की पन्नास हजारांच्या बोनसमधले पहिले २५,००० पूर्ण हाती आले, आणि पुढचे २५,००० सगळेच्या सगळे गेले, वर पदरचे हजार गेले. करपात्र उत्पन्न साधारण १२ लाख ७० हजारांच्या पुढे गेले की हा चिमटा सुटतो आणि नेहमीचे दर लागू होतात. त्या पट्ट्यात अडकलेल्या माणसाला मी एकच सुचवेन. कंपनी आपल्या वतीने राष्ट्रीय पेन्शन योजनेत पैसे भरत असेल, तर मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंतचा तो हिस्सा नव्या पद्धतीतही वजा होतो. हे मार्चच्या आत एचआरशी बोलून घ्यावे लागते. वरच्या उदाहरणातले २५,००० तिकडे वळले तर २६,००० चा कर वाचतो आणि ते पैसे म्हातारपणासाठी जमा राहतात.

## ऑफिसने मिठाईचा खोका दिला, त्यावरही कर?

नाही. मालकाकडून वस्तू किंवा व्हाउचरच्या रूपात मिळालेली भेट २०२५-२६ मध्ये वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत करमुक्त होती. ही मर्यादा पूर्ण वर्षाची आहे. दिवाळीचे व्हाउचर, वाढदिवसाचे कूपन, सगळे तिच्यात मोजतात, आणि वरचा भाग पगारात धरला जातो. रोख दिली तर मात्र ‘भेट’ हे नाव चालत नाही. पाकिटावर शुभ दीपावली लिहिलेले असले तरी आतले पैसे पगारच ठरतात.

## भावाची ओवाळणी करमुक्त, मग मामेभावाची?

दिवाळीच्या कराचा हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे कायद्याची नाती आणि आपली नाती जुळत नाहीत.

नियम असा: ‘नातेवाईक’ या व्याख्येत बसणाऱ्याकडून कितीही रक्कम मिळाली तरी घेणाऱ्याला कर नाही. बाकीच्यांकडून वर्षभरात मिळून ५०,००० पर्यंत कर नाही. पन्नास हजारांच्या वर एक रुपया जरी गेला, तरी फक्त वरचा रुपया नव्हे, पहिल्या रुपयापासून सगळी रक्कम करपात्र होते.

मग नातेवाईक कोण? नवरा-बायको. सख्खी भावंडे. जोडीदाराची भावंडे, म्हणजे दीर, नणंद, मेहुणा, मेहुणी. आई-वडिलांची भावंडे: काका, आत्या, मामा, मावशी. आपली आणि जोडीदाराची सरळ रेषेतली माणसे: आजी-आजोबा, सासू-सासरे, मुले, नातवंडे. आणि या सर्वांचे जोडीदार.

चुलत, मामे, आते, मावस भावंडे या यादीत नाहीत. ज्या घरात सख्खा भाऊ नाही म्हणून वर्षानुवर्षे मामेभाऊ ओवाळून घ्यायला येतो, त्या घरातही नाहीत. ताटात पाचशे-हजार पडतात तोवर प्रश्नच येत नाही. पण परदेशी गेलेल्या मामेभावाने बहिणीच्या घराच्या डागडुजीसाठी भाऊबीज म्हणून साठ हजार पाठवले, तर ते साठ हजार तिच्या उत्पन्नात धरले जातात. माया तीच, हिशेब वेगळा.

आणखी एक गंमतीदार वळण आहे. मामाने भाचीला दोन लाख दिले तर ते करमुक्त, कारण भाचीच्या दृष्टीने मामा हा आईचा भाऊ. उद्या तीच भाची कमावती झाली आणि तिने मामाला दोन लाख दिले, तर मामाच्या बाजूने भावंडांची मुले यादीत येत नाहीत आणि ती रक्कम करपात्र ठरते. नाते नेहमी घेणाऱ्याच्या बाजूने मोजायचे, हे लक्षात ठेवले की गोंधळ होत नाही.

दिवाळसणाला सासऱ्यांनी जावयाला अंगठी दिली किंवा खात्यात रक्कम भरली, तरी काळजी नाही. सासरे यादीत आहेत.

आता सुरुवातीच्या कोड्याकडे वळू. पाडव्याचे व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात का? कारण नवरा-बायकोत पैसा नुसता एका खात्यातून दुसऱ्यात फिरवून कर चुकवता येऊ नये. ३० टक्के दराने कर भरणारा नवरा सगळ्या ठेवी बायकोच्या नावाने ठेवून मोकळा झाला असता. म्हणून कायदा व्याज मूळ देणाऱ्याकडे परत नेतो. याला उत्पन्न जोडणे म्हणतात. बायकोने नवऱ्याला दिले तरी हाच नियम. सासू-सासऱ्यांनी सुनेला दिले तरी हाच. भावाने बहिणीला, आई-वडिलांनी सज्ञान मुलाला किंवा मुलीला, सासऱ्यांनी जावयाला दिले तर तो लागत नाही.

दोन बारकावे इथे उपयोगी पडतात. व्याजावर मिळालेले व्याज बायकोचेच असते, ते जोडले जात नाही. आणि पाडव्याची रक्कम तिच्या पीपीएफ खात्यात गेली तर तिथले व्याज मुळातच करमुक्त असल्याने जोडण्याचा त्रास उरत नाही.

## ‘घरातल्या घरात दिलेले पैसे, कोण बघतो?’

हा आक्षेप हमखास येतो. उत्तर असे की बँक पाहते. ठेवीचे व्याज पॅनसह आयकर खात्याकडे जाते आणि ‘वार्षिक माहिती विवरण’ नावाच्या पानावर दिसते. हे पान तुम्हाला आयकराच्या पोर्टलवर स्वतःला पाहता येते. बायकोच्या पानावर व्याज दिसते, तिच्या विवरणपत्रात नाही, नवऱ्याच्याही नाही, मग पत्र येते. ते आले की माणूस घाबरतो, आणि घाबरण्यासारखे काही नसते. हिशेब दाखवायचा असतो. म्हणून मोठी ओवाळणी बँकेतून द्या आणि एका साध्या कागदावर दोघांच्या सह्यांनी लिहून ठेवा: कुणी, कुणाला, केव्हा, किती, भेट म्हणून. स्टॅम्प पेपर लागत नाही.

## जीएसटी उतरला, मग दिवाळीची खरेदी किती स्वस्त?

२२ सप्टेंबर २०२५, घटस्थापनेच्या दिवसापासून नवे दर आले. १२ आणि २८ टक्क्यांचे बहुतेक सामान ५ आणि १८ मध्ये गेले. फराळाच्या घरात हे जाणवते: तूप, बदाम आणि पाकीटबंद फरसाण १२ वरून ५ वर आले. अभ्यंगस्नानाचा साबण आणि केसांचे तेल १८ वरून ५ वर. एसी, ३२ इंचांहून मोठा टीव्ही, छोट्या गाड्या आणि ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी २८ वरून १८ वर.

मात्र फ्रिज आणि वॉशिंग मशीनचा दर जुलै २०१८ पासूनच १८ आहे. मोबाइलही १८ वरच आहे. त्यांच्यावर ‘जीएसटी कपात’ असे लिहून कुणी सवलत देत असेल, तर ती दुकानदाराची सवलत आहे, सरकारची नाही.

आणि २८ चे १८ झाले म्हणजे किंमत दहा टक्के उतरत नाही. तीस हजारांच्या टीव्हीवर आधी ८,४०० कर होता, बिल ३८,४००. आता कर ५,४००, बिल ३५,४००. वाचले तीन हजार, म्हणजे जुन्या बिलाच्या ७.८ टक्के.

‘जुना द्या, नवा घ्या’ योजनेत जीएसटी नव्या वस्तूच्या पूर्ण किमतीवर लागतो, जुन्याची रक्कम वजा करून नाही. ‘नो कॉस्ट ईएमआय’चेही असेच. दुकानदार व्याजाइतकी सवलत देतो, पण क्रेडिट कार्डाची बँक आपल्या बाजूने व्याज लावतेच, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी घेते. तो तुमच्या खिशातून जातो.

## जुन्या पाटल्या मोडून नव्या केल्या, तर विक्री झाली का?

सोन्याचा दर ३ टक्के होता तसाच आहे, आणि तयार दागिन्यात तो सोने अधिक घडणावळ या एकूण रकमेवर लागतो. पण २०२५ मध्ये सोने तोळ्याला लाखाच्या वर गेल्याने खरा प्रश्न वेगळाच उभा राहिला.

एका बाईने २०१० मध्ये ८०,००० ला घेतलेल्या चार तोळ्यांच्या पाटल्या २०२५ च्या दिवाळीत सोनाराला दिल्या, त्यांचे ४,५०,००० धरले गेले, आणि वर दीड लाख घालून सहा लाखांचा नवा दागिना घेतला. तिच्या मनात ही अदलाबदल आहे. कायद्यात दोन व्यवहार झाले: जुने विकले आणि नवे घेतले. नव्यावर जीएसटी सहा लाखांवर, म्हणजे १८,०००. जुन्यावर नफा ३,७०,०००. दोन वर्षांहून जास्त काळ जवळ असलेल्या सोन्याच्या नफ्यावर १२.५ टक्के कर, उपकरासह ४८,१००.

‘पण माझा पगार तर पावणेआठ लाखच आहे, बारा लाखांची सूट?’ ती सूट या नफ्याला लागत नाही. पगारावरचा कर शून्य होईल, पाटल्यांवरचा भरावा लागेल. घरी असणाऱ्या, दुसरे काहीच उत्पन्न नसलेल्या बाईला मात्र तळाचे चार लाखांचे मडके मोकळे असते. तिचा हा नफा त्यात मावतो आणि कर येत नाही.

आईकडून आलेल्या दागिन्यांना किंमत शून्य धरून घाबरू नका. आईने तेव्हा मोजलेली मूळ किंमतच तुमची किंमत, आणि दागिना १ एप्रिल २००१ च्या आधीचा असेल तर त्या दिवसाचा बाजारभाव धरता येतो. आपलेच सोने आटवून सोनाराने त्याचाच नवा दागिना घडवून दिला, तर ती विक्री होत नाही. फक्त मजुरीवर ५ टक्के जीएसटी लागतो. तशी पावती घ्यावी. आणि करपात्र नफा झालाच असेल तर दिवाळीनंतरचा आगाऊ कराचा हप्ता १५ डिसेंबरला असतो, तो तेव्हा भरला की व्याज वाचते.

विवाहितेकडे ५०० ग्रॅम, अविवाहितेकडे २५०, पुरुषाकडे १०० ग्रॅमच सोने ठेवता येते, असा मेसेज दर दिवाळीला फिरतो. १९९४ च्या परिपत्रकातले ते आकडे छाप्याच्या वेळी एवढे दागिने जप्त करू नयेत, यासाठी आहेत. सोने बाळगण्यावर तशी मर्यादा नाही.

## रोखीने दिले तर?

एकाच व्यवहारात किंवा एका दिवशी एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. दंड घेणाऱ्याला, आणि तोही घेतलेल्या रकमेइतका. सोनार म्हणूनच दोन लाखांची रोकड नाकारतो. हाच नियम ओवाळणीलाही आहे: भावाने रोख दोन लाख ताटात ठेवले तर भेट करमुक्त राहील, पण बहीण दंडाला पात्र होईल. मित्राकडून रोखीने २०,००० किंवा जास्त हातउसने घेणेही चालत नाही. वर्षभरात क्रेडिट कार्डाची दहा लाखांची बिले भरली तर त्याची नोंद खात्याकडे जाते. तो गुन्हा नाही, उत्पन्नाशी मेळ बसला म्हणजे झाले.

## फराळाचे पैसे यूपीआयवर घेतले, नोटीस येईल का?

जुलै २०२५ मध्ये बेंगळुरूतल्या छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या. तेव्हापासून घरून चकल्या-अनारसे विकणाऱ्या अनेकींनी क्यूआर कोड बाजूला ठेवला. मला याचे वाईट वाटते, कारण तोटा त्यांचाच होतो.

महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेल्यावर जीएसटी नोंदणी लागते. दिवाळीत तीन लाखांचा फराळ विकणारी बाई तिथून कोसभर लांब आहे. आयकरात छोट्या व्यावसायिकासाठी सोपी पद्धत आहे: डिजिटल विक्रीच्या किमान ६ टक्के आणि रोख विक्रीच्या किमान ८ टक्के नफा दाखवायचा, प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर तेवढा. तीन लाखांच्या यूपीआय विक्रीवर किमान नफा १८,०००. प्रत्यक्षात साठ-सत्तर हजार सुटले तरी चार लाखांचे पहिले मडके अर्धेही भरत नाही. यूपीआयवर घेतलेल्या पैशाला उलट कमी टक्का लागतो. तिने एवढेच करावे: फराळाचे पैसे एका वेगळ्या खात्यात घ्यावेत, म्हणजे भावाने पाठवलेली भाऊबीज आणि गिऱ्हाइकाने चकलीचे दिलेले पैसे एकमेकांत मिसळणार नाहीत. डाळ, तेल, तूप, गॅस यांच्या पावत्या एका पिशवीत जपून ठेवाव्यात.